सहादूची झाडं

ननाशी मागे पडली आणि माझा उजवा पाय कुरकुरायला लागला. चपलेचा अंगठा सकाळीच तुटला होता, त्याला बांधलेल्या सुतळीनं फोड आणला. आमच्या सोबतची पाड्यावरची माणसं झेंडा घेऊन केव्हाच पुढे गेली होती, त्यांचा ढोल तेवढा लांबून ऐकू येत होता. चैत्राचं ऊन सकाळीच डांबरावरून वर यायला लागलं होतं आणि सप्तशृंगीचा गड अजून कुठे दिसायचं नाव घेत नव्हता.

"काढा ती चप्पल," भागीबाई म्हणाली. "देवीकडं चाललाय, साळंत नाय."

"डांबर भाजतंय हो."

"मग कडंच्या मातीतून चला. आमी जन्मभर कुठून चाललो?"

तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पळसाचं कोवळं पान तोडून माझ्या फोडावर बसवलं आणि जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली. "आता बगा, देवी इचारंल, ही बाई कोणत्या झाडाची," असं म्हणून स्वतःच हसली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. पण चालायला लागली की तिच्या पाठीकडे बघतच चालावं लागायचं.

हे २००३ सालचं. तिच्यासोबत गडावर चालत जायची माझी ती सहावी-सातवी खेप असेल. दर वर्षी ती पाटी घ्यायचीच. पूर्वी त्या पाटीत गूळ असायचा. हिवाळ्यात पहिल्यांदा उतरलेला शिंदीचा गूळ पळसाच्या पानात बांधून ती चुलीवरच्या फळीवर ठेवायची आणि चैत्रात देवीला न्यायची. घरातल्या कुणी त्याला बोट लावायचं नाही. आता कित्येक वर्षं पाटीत नारळ आणि नागलीचं पीठच असायचं.

वाटेत एका चहाच्या खोपटापाशी आम्ही टेकलो. तिथली म्हातारी ओळखीची. तिनं भागीबाईला पाहिलं आणि ओरडली, "आली का गूळवाली? अन् गूळ कुठंय?"

"मालक आला का देईन," भागीबाई म्हणाली.

"म्हंजी यंदाबी नाय."

"यंदाबी नाय."

म्हातारीनं चहात साखर जरा जास्तच घातली. भागीबाई बशीतून चहा प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि आम्ही निघालो. हे उत्तर मी दर वर्षी ऐकत आले होते. आवाज कधी बदलला नाही.

मी मूळची नामपूरची. डीएड करून एक्क्याण्णव साली पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावरच्या शाळेत लागले. पेठला खोली घेतली, तिथून पाड्यावर डोंगरातून चालत जायचं. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी शाळेच्या खाली, नाल्याच्या बाजूनं असा काही वास आला की मी घंटा द्यायची विसरले. गोडसर, धुरकट, जरासा करपल्यासारखा. वासाच्या मागे गेले तर एक बाई पसरट कढईपुढे बसून उलथण्यानं काहीतरी हलवत होती. मी विचारलं, "काय शे हे?" आमच्याकडची अहिराणी तेव्हा तोंडातून आपसूक निघायची. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "शे काय ते म्या नाय जाणत. गूळ हाय. बसा." आणि पानावर गरम गुळाचा गोळा ठेवला. मग पुष्कळ वर्षं ती मला "शे-बाई" म्हणायची.

ती भागीबाई. आणि वर शिंदीच्या झाडावर कमरेला दोर बांधून, पाय खोडाला टेकवून जो माणूस मडकं सोडवत होता, तो तिचा नवरा सहादू. जमिनीवर असला की सहादू मुका. वर चढला की बोलका. वरूनच मला म्हणाला, "बाई, घंटा देऊ नका अजून, माझा धनराज दात घासतोय."

त्यांची भाताची दोन खाचरं आणि वरकस जमिनीवर थोडी नागली. खरी कमाई बांधावरच्या आणि नाल्याकाठच्या शिंदीच्या झाडांची. दिवाळी झाली की सहादू खोडाच्या एका अंगाची खालची पानं उतरवायचा आणि कोयत्यानं साल सोलून पांढरं अंग मोकळं करायचा. याला ते झाडाचं तोंड काढणं म्हणतात. तोंड काही दिवस सुकू द्यायचं. मग थंडी पडली की त्यात खाच पाडून बांबूची नळी ठोकायची, खाली धुरी दिलेलं मडकं टांगायचं. रात्रभर रस ठिबकायचा. उजाडायच्या आत तो उतरवून कढईत गेला पाहिजे, ऊन लागलं की आंबलाच. दोन-तीन रात्री रस घेतला की झाडाला तितकीच विश्रांती. आणि यंदा या अंगाला तोंड काढलं तर पुढच्या वर्षी बरोबर पलीकडच्या अंगाला. त्यामुळे जुन्या झाडांची खोडं पायऱ्या पाडल्यासारखी दिसतात.

त्या डोंगरातली माणसं भात निघालं की घरं बंद करून द्राक्षाच्या बागांवर, नाहीतर गुजरातकडे ऊस तोडायला जातात. पाडा रिकामा होतो. शाळेत निम्मी पोरं राहतात. सहादूला मात्र जाताच यायचं नाही, कारण त्याचा हंगामच थंडीचा. भागीबाई हे इतर बायांना ठसक्यात सांगायची. "तुमचे मालक जातात हिवाळ्यात, माझा जातो झाडावर. हाक मारली का ओ देतो." बायका म्हणायच्या, "वरून वाकून दुसरीकडं बघत असंल गं." ती म्हणायची, "बघू द्या. खाली यायला वाट माझ्याच अंगणातून हाय."

आज मी देवळ्याला असते. इथे हिवाळ्यात कांद्याचा वास येतो, त्याचीही सवय झाली. पण पौषातल्या एखाद्या पहाटे पूजेला बसले आणि खिडकीतून गार वारा आला की नाक आपलं तो दुसरा वास शोधतं. जप चुकतो. देवी समजून घेईल.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर सहादूनं नेहमीसारखी तोंडं काढली आणि आभाळ आलं. मार्गशीर्ष लागला तरी हटेना. असल्या हवेत रस मडक्यातच आंबतो, कढईत घातला तरी गूळ बसत नाही, नुसता चिकट पाक होतो. त्यानं दोन झाडांवर नळ्या लावून बघितल्या, काढून टाकल्या. त्याच वेळी दिंडोरीकडे द्राक्षांवर जायला टेंपो निघत होता. तो भागीबाईला म्हणाला, "आभाळ निवळंस्तोवर जाऊन येतो. तू नळ्या धुऊन ठेव." आयुष्यात पहिल्यांदा तो हिवाळ्यात घराबाहेर पडला.

तिनं नळ्या धुतल्या, उन्हात सुकवल्या, मडक्यांना धुरी दिली. तो गेला आणि आठवडाभरात आभाळ साफ झालं. थंडी अशी पडली की तशी पुन्हा मी पाहिली नाही. काढून ठेवलेल्या तोंडांतून रस आपोआप पाझरायला लागला. नळी नाही, मडकं नाही, रस खोडावरून खाली वाहायचा आणि मुंग्यांच्या काळ्या रांगा वर चढायच्या. भागीबाई रोज सकाळी जाऊन बघून यायची.

मी सहादूच्या चुलत्याला, नाथाबाबांना, म्हटलं की तुम्हाला तर काम येतं, मडकी लावा की तुम्ही. वाया चाललंय सगळं.

नाथाबाबांनी विडी विझवली. म्हणाले, "बाई, तुमच्या घरी मालक नसताना मी येऊन त्याच्या ताटावर बसलो तर चालंल का?"

तेव्हा मला त्या पाड्याची रीत कळली. ज्यानं झाडाचं पहिलं तोंड काढलं, झाड त्याचं. जमीन कुणाची का असेना. तो जिवंत आहे तोवर त्यानं स्वतःच्या हातानं कोयता दिल्याशिवाय दुसऱ्यानं पातं लावायचं नाही, मग तो पोटचा पोरगा का असेना. मालक मेला तर दिवस घातल्यावर, पितरांपुढे ठेवलेला कोयता थोरल्या माणसाच्या हातून पोरानं घ्यायचा. बाईनं कोयता लावायचाच नाही. पानं मात्र कुणीही काढावीत, त्याला आडकाठी नाही.

सहादू आला नाही. संक्रांतीनंतर त्याच्या टेंपोतली दोन माणसं परतली. आभाळ होतं तेव्हाच बागेचं काम चार दिवसांत संपलं आणि एक मुकादम त्यांना तिकडूनच ऊसतोडीला गुजरातेत घेऊन गेला होता. सहादू त्यांच्यासोबत थोडेच दिवस राहिला. एका सकाळी अंगावर घोंगडी ओढून म्हणाला, "थंडी पडली. माझी झाडं उघडी हायेत." आणि मजुरी न घेता घराकडे चालायला लागला.

हेच तिला पुरलं आणि हेच नडलं. तो पळून गेला असता, दुसरी बाई ठेवली असती, मेल्याचं कुणी पाहिलं असतं, तर रडून मोकळी झाली असती. पण तो घरी यायला निघाला होता. तिचा भाऊ तिला घेऊन धरमपूरपर्यंत जाऊन आला, बाजारांतून, दवाखान्यांतून विचारलं. काही नाही. दोन वर्षांनी भावानंच पाटाचं बोलणं काढलं. त्यांच्यात नवरा गेलेल्या बाईनं दुसरं घर करण्यात कमीपणा नसतो. भागीबाईनं त्याला पोटभर जेवायला घातलं आणि म्हणाली, "दादा, तो निघालेला हाय. निघालेल्या माणसाला घरी आल्यावर दार बंद दिसू नये."

मग ती शिंदीच्या पानांवर जगली. खालची पानं काढायची, वाळवायची, त्याच्या केरसुण्या बांधायच्या, चटया विणायच्या आणि पेठच्या बाजाराला न्यायच्या. हात कायम चिरलेले. माझ्या शाळेत आणि माझ्या खोलीत तिचीच केरसुणी असायची. कधी तिच्याबरोबर नाल्याकाठी गेले की ती झाडं दाखवायची. सहादूनं काढलेली शेवटची तोंडं काळी पडली होती. आणि त्याच्या वर झाड हातभर, मग दोन हात, मग माणसाच्या छातीएवढं, सरळ वाढत चाललं होतं. खालचं खोड पायऱ्यांचं, वरचं गुळगुळीत. ती त्या गुळगुळीत भागाला हात लावायची नाही. म्हणायची, "एवढं तो आल्यावर करायचं राहिलं."

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाड्यावर घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ती सासऱ्याची भरायची, सासूची भरायची. सहादूची नाही. कपाळावर कुंकू मात्र पहिल्यापेक्षा मोठं लावायला लागली होती.

धनराज माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला, पुढे आश्रमशाळेत गेला, दहावीला दोनदा बसला आणि सुटला. मिशी फुटली तसा तोही दिवाळी झाली की द्राक्षांवर जायला लागला. तो टेंपोत बसला की भागीबाई चार महिने नीट जेवायची नाही. मला म्हणायची, "ह्याच रस्त्यानं गेला ना तोबी." धनराजला द्राक्षं आवडायची नाहीत. औषध मारून त्याच्या अंगावर फोड यायचे. त्याला बापाची झाडं हवी होती. लहानपणी बापाच्या पायाशी बसून तो सगळं शिकला होता, आणि आता शहरातली माणसं शिंदीचा गूळ विचारत पेठपर्यंत येतात, हे त्यानं बाजारात ऐकलं होतं.

आम्ही गडावर निघायच्या आधीच्या पौषात तो घरी आलेला असताना एका दुपारी शाळेच्या पोरांनी मला बाहेर बोलावलं. धनराज नाल्याकाठच्या सगळ्यात उंच शिंदीवर चढून बसला होता. खाली पाडा गोळा झालेला. नाथाबाबा काठी टेकत आले.

"उतर."

"कोयता नाय आणला, बाबा. बघा हात." त्यानं एक हात सोडून दाखवला, तशा खालच्या बाया घाबरल्या.

"मंग वर काय करतो?"

"बाप शोधतोय. तुमच्या हिशोबानं तो जिता हाय ना? म्हटलं इथून तरी दिसतो का बघावं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नाथाबाबा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. रागावतील असं वाटलं होतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "माझाबी पुतण्या हाय तो. मला का गोड लागतं? त्याचे दिवस घाल. येत्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भर. कोयता मी सोताच्या हातानं तुला देतो."

धनराज उतरला. बापासारखाच, पाय न घसरवता. आई अंगणात चटई विणत बसली होती, तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ऐकलं ना आई? तू हो म्हण. नायतर दिवाळीला मी परत टेंपोत बसतो. अन् परत येतो असं मी नाय सांगणार. बापानं सांगितलं होतं."

भागीबाईनं विणलेली ओळ हातानं दाबून घट्ट केली. वर बघितलं नाही. धनराज पाणी प्यायला आत गेला.

चैत्र येईपर्यंत तिनं त्याला काही उत्तर दिलं नव्हतं. निदान मला तसंच ठाऊक होतं.

वणी ओलांडून आम्ही नांदुरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एका वळणावर गड दिसला. खानदेशाकडून आलेल्या माणसांची रीघ पलीकडच्या वाटेनं चालली होती, त्यांत माझ्या बोलीतली हाक ऐकू आली आणि मला आईची आठवण झाली. मी लहान असताना आईबरोबर त्याच बाजूनं यायची. मी हात जोडले. भागीबाईनंही जोडले, पण नेहमीसारखं पुटपुटली नाही. रस्त्याकडेला एका दगडावर बसली, पाटी मांडीवर घेतली.

"बाई, देवीला खोटं चालतं का?"

"कसलं खोटं?"

"हाताला एक, मनाला एक. तसलं."

मला कुठे एवढं कळतं. मी म्हटलं, "माझी आई म्हणायची, देवीला मनातलंच ऐकू येतं. हाताकडे ती बघत नाही."

"मग बरं हाय." ती थोडा वेळ गडाकडे बघत राहिली. "निघायच्या आदल्या दिवशी धनराजला मी हो म्हटलं."

ढोल आता जवळून येत होता, आमची माणसं पुढे कुठेतरी थांबली असावीत.

"पोरगा खूश झाला. लगीच कोयता काढून घासाया बसला. म्या म्हटलं, अरे, बापाचं सुतक तरी येऊ दे आधी." ती हसली, आणि ते हसू मधेच राहिलं. "थंडीत हाक मारली का झाडावरून ओ आली पाहिजे, बाई. मला तेवढंच पाहिजे. एक गेला त्या टेंपोत, दुसरा नाय जाऊ द्यायचा."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"बरं केलं. पण आखाजीला बाया येतील. मला घागरीपुढं बसवतील. कुंकू पुसतील, बांगड्या उतरवतील. त्यांचं काम हाय ते, त्या करतील." तिनं पाटीतला नारळ उगाच सरळ केला. "अन् मग एखाद्या दिवशी तो आला तर? दारात उभा राहून म्हणला, भागे, म्या वाटंत होतो अन् तू मला मेला म्हणून बसलीस? तर म्या काय सांगू?"

रस्त्यावरून एक जीप माणसं भरून गेली, धूळ खाली बसली. मग तिनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "तुमच्याकडं आखाजीला लेकी म्हायेरी येतात ना?"

"येतात. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात."

"म्हाताऱ्या लेकी बी?"

"माझी आत्या साठीची आहे. अजून येते. झोक्यावर बसली की उतरत नाही."

"अन् तुमी जाणार?"

"शाळेला सुट्टी असते. दर वर्षी जाते."

भागीबाई उठली. पाटी डोक्यावर घेतली, माझ्या पायावरची चिंधी सुटली होती ती वाकून पुन्हा बांधली, आणि तशीच वाकलेली असताना, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मग या आखाजीला मला संगं न्या. नामपूरला. पाड्यावर तुमीच सांगा, भागीबाईला म्या म्हायेरपणाला नेते म्हणून. तुमी म्हटलं तर नाथाबाबा मोडता घालणार नाय. धनराज घागर भरंल, माणसं जेवतील, कोयता घेईल, सगळं होऊ द्या. अंगण सारवून झालं का मग मला आणून सोडा. म्या तिथं नव्हते, एवढं मला त्याला सांगता आलं पाहिजे."